पिंजोरचं अंडं, वडवणीचा बैल

पहाटे सव्वापाच

उशाशी ठेवलेला फोन वाजला की नाव बघायच्या आधी मी महिना आठवतो. दसरा होऊन गेलाय, म्हणजे फोन बैलाचाच.

"डॉक्टर, बैल पाय टेकंना गेलाय. चार दिसांनी टोळी निघायचीय. सकाळच्या पारी येऊन जा."

बीड जिल्ह्यातल्या आमच्या वडवणी तालुक्यात दिवाळीच्या आगंमागं घरांना कुलपं लागतात. कोयते, भांडी, गोधड्या, लेकरं गाडीत बसतात आणि माणसं ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल घरात आधीच येऊन खर्च झालेली असते. ती फेडायची म्हणजे बैल चालला पाहिजे. म्हणून या दिवसांत लोक माझ्याकडं औषध मागत नाहीत, दिवस मागतात. आज टोचा, उद्या गाडीला जुंपतो. गिधाडांची गोष्ट सांगायची तर मी इथूनच सांगतो. पोथीतून नाही की जंगलातूनही नाही, लंगडणाऱ्या बैलापासून.

सहा

चहा होईपर्यंत पिशवी भरतो. पशुसंवर्धनाची पदविका घेऊन मला पंचवीस वर्षं झाली. गावोगाव फिरतो, अडलं की सरकारी दवाखान्यातल्या मॅडमना फोन लावतो. पिशवीत मेलोक्सिकॅम, टॉल्फेनॅमिक ॲसिड, ऑक्सिटेट्रासायक्लिन, कॅल्शियम, खांदेसुजेसाठी मॅगसल्फ आणि ग्लिसरीन, चिमटा, कापूस, दोरी. काय नाही ते सांगणं जास्त महत्त्वाचं आहे. दुखणं मारणारं डायक्लोफिनॅक नाही. ॲसेक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइडसुद्धा नाही.

एके काळी डायक्लोफिनॅक होतं. मी धंद्यात उतरलो तेव्हा जनावरांसाठी ते सरळ मिळायचं, स्वस्त होतं आणि गुण असा यायचा की बसलेला बैल संध्याकाळी गव्हाणीला उभा. माझं नाव झालं ते त्याच कुप्यांवर. किती टोचल्या याचा हिशेब माझ्याकडं नाही. तेव्हा हिशेब ठेवावा असं वाटलंच नव्हतं.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडं माना टाकून बसतात आणि मरतात, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकातच पाहिलं होतं. कुणाला रोग वाटला, कुणाला कीटकनाशक. पाकिस्तानात काम करणाऱ्या डॉ. लिंडसे ओक्स यांच्या गटानं २००४ मध्ये कारण छापलं: डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक ॲसिड बाहेर जात नाही आणि काळजावर, यकृतावर चुना उडवल्यासारखा पांढरा थर साचतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून ९७ टक्क्यांच्या आसपास गेली.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो त्यानंतरचा हिशेब. एवढा संहार व्हायला मेलेल्या जनावरांतलं किती टक्के मांस विषारी असावं लागतं? अभ्यासकांनी काढलेलं उत्तर एक टक्क्याहूनही कमी आहे. ७६० मढ्यांत एक विषारी असलं तरी पुरतं, जास्तीत जास्त धरलं तर १३० त एक. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, पंगत बसते. एका पंगतीत शंभर पानं. म्हणजे चांगले वागणारे शंभर डॉक्टर असले आणि एक जुन्या सवयीचा असला, तरी भागत नाही.

साडेसात, चिंचवण

बैल लिंबाखाली उभा. खिलारी नाही, गावरानच, पण उंचीला चांगला. डावा पुढचा पाय उचलून धरलेला. मालक तिशीतला. सदऱ्याच्या खिशात चौकोनी खोकं दिसत होतं. मी आधी त्याकडं पाहिलंच नाही. बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. कातडं फुरफुरलं, मग स्थिर झालं. खांद्यापासून खाली बोटांनी दाबत आलो. खांदा गार, गुडघा गार, खुराच्या वर मात्र ऊन लागत होतं. दोघांनी पाय धरला, मी खुराच्या बेचक्यातला चिखल पाण्यानं धुतला, नखीनं खरवडला. काळा ठिपका. चिमट्यात धरून सरळ ओढला आणि बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा बाहेर आला, मागोमाग पिवळा पू. बैलानं एक मोठा श्वास सोडला. तो श्वास ज्यानं ऐकलाय त्याला कळेल मी हा धंदा का सोडत नाही.

"बरं झालं," मालक म्हणाला आणि खिशातलं खोकं काढलं. "आता हे टोचा की. माणसाचंच हाय, पण बैलाला लई चालतंय म्हणत्यात."

डायक्लोफिनॅकच्या तीन मिलीच्या काचेच्या कुप्या. सहा. जनावरांसाठी हे औषध सरकारनं २००६ मध्ये बंद केलं, तेव्हा लोक माणसांची तीस मिलीची बाटली आणून बैलाला टोचू लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनलाही तीन मिलीची मर्यादा घातली. एका कुपीत ७५ मिलिग्रॅम. चार क्विंटलच्या बैलाला पुरेल एवढं काढायचं तर पाच-सहा काचा फोडाव्या लागतात. कटकट वाढवायची हाच त्या नियमाचा हेतू. पण ज्याची उचल अंगावर आहे त्याला सहा काचा फोडणं ही कटकट वाटत नाही.

अशा वेळी मी गिधाडाचं नाव काढत नाही. बैलाचं काढतो. "दादा, दुखणं मारलं की हा पाय टेकंल. आत पू असताना टेकंल. तू गाडीला जुंपशील आणि कारखान्याच्या रस्त्यावर खूर सडंल. मग तिथं कोण आहे आपलं?" तो गप्प झाला. मी मेलोक्सिकॅम दिलं, प्रतिजैविक दिलं, खुराला पट्टी बांधली. तीन दिवस कोरड्यात बांध म्हणालो.

"आन् चौथ्या दिशी?"

"चौथ्या दिवशी मी येऊन बघतो. पैसे नको देऊस त्या खेपेचे."

ओसरीवर त्याची आजी शेंगा निवडत होती. कुप्या मी माझ्याकडं का मागून घेतोय, असं तिनं विचारलं तेव्हा गिधाडांचं सांगितलं. ती हसली नाही. "आरं लेकरा, म्या नांदायला आले तवा वढ्याच्या कडंच्या चिचंवर बसायची. ढोर पडलं की दुपारपतूर नुसती हाडं. चालायची कशी, तर म्हाताऱ्या माणसावानी, खांदे पाडून. मला भ्याव वाटायचं. आता वाटतं, हुती तवा गावात वास नव्हता." मग नातवाकडं वळून, "दे त्यास्नी त्या काचा."

दहा

एका वस्तीवर गाईला कृत्रिम रेतन. नायट्रोजनच्या टाकीतून कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, गनमध्ये भरायची. हात इतका सरावलेला की डोक्यात दुसरंच चालू असतं.

आज डोक्यात माळढोक होता. राजस्थानात जैसलमेर भागात माळढोकाची पैदास केंद्रं आहेत. तिथल्या एका नराला महिनोन् महिने शिकवून, बनावट मादीवर चढवून वीर्य घेतलं. दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रातल्या मादीला ते दिलं आणि १६ ऑक्टोबर २०२४ ला पिल्लू बाहेर आलं. कृत्रिम रेतनातून जन्मलेला हा पहिला माळढोक. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं होतं. त्या माळावर आता माळढोक दिसला तर बातमी होते. मी आयुष्यात हजारो कांड्या भरल्या असतील. त्या एका कांडीसाठी तिकडच्या माणसांचे हात कसे थरथरले असतील, ते मला कळतं.

साडेबारा, मेडिकलचं दुकान

दुकानदारानं लांबूनच हात केला. सकाळपासून दोघांनी पाच-पाच कुप्या मागितल्या. चिठ्ठी कुठंय विचारलं तर एकजण "घरी म्हातारी हाय" म्हणाला. "म्हातारी किती किलोची?" असं विचारून त्याला परत पाठवला, दुकानदार सांगत होता. या माणसाचं मला कौतुक आहे. दहा कुप्या विकल्या तर त्याचे चार पैसे सुटतात. तरी चिठ्ठीशिवाय तो विकत नाही, आणि मागणाऱ्याचं गाव माझ्या कानावर घालतो. दुपारनंतर मी त्या गावावरून जातो.

सकाळच्या सहा कुप्या त्याच्याकडं दिल्या. बिल होतं, त्यानं पैसे परत केले. चिंचवणला पोचते करायचे.

दुपारी दोन

डबा बाभळीच्या सावलीत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुळा. जेवताना मन पिंजोरला जातं.

हरियाणात पिंजोरजवळ बीर शिकारगाहला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथल्या वनखात्याचं जटायू केंद्र आहे. मी तिथं गेलो नाही, पण तिथला दिनक्रम मला पाठ आहे. २००१ मध्ये आजारी गिधाडांची देखभाल करायला ते सुरू झालं. पाखरं संपतच जातायत हे दिसल्यावर २००४ पासून तिथं पैदास सुरू झाली. ऑक्टोबरात माझ्याकडं बैल लंगडतात, तेव्हा तिथं काटक्या जमवायला सुरुवात होते. मोठमोठ्या जाळीदार घरांत जोड्या ओट्यावर घरटी रचतात. माणूस सहसा आत जात नाही, कॅमेऱ्यावर बघतो. मादी वर्षाला एक अंडं देते. एकच. आई-बाप आळीपाळीनं पावणेदोन-दोन महिने त्यावर बसतात. पिल्लू चार महिन्यांनी उडायला लागतं आणि स्वतः अंडं द्यायला त्याला पाच वर्षं लागतात. हंगामातलं पहिलं अंडं अलगद उचलून उबवणयंत्रात ठेवलं तर मादी कधीकधी दुसरं घालते. कोंबडीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, हा धंदा बुडीत आहे. ते खरंही आहे. म्हणूनच मेलेलं एक गिधाड भरून काढायला वर्षं लागतात.

त्यांच्या जेवणाची गोष्ट मी शेतकऱ्यांना सांगतो, कारण ती त्यांना लगेच कळते. आठवड्यातून दोनदा बोकडाचं मांस. पण बाजारातून आणलं, कापलं आणि टाकलं असं नाही. बोकड आधी काही दिवस आवारात बांधून ठेवतात. कुणी कुठं सुई टोचली असेल तर ती अंगातून उतरून जावी म्हणून. पिंजऱ्यातल्या गिधाडाच्या ताटात काय पडतं त्यावर असा पहारा. बाहेर सोडलेल्या गिधाडाच्या ताटावर मात्र पहारा कुणाचा?

२०२० च्या ऑक्टोबरात पिंजोरच्या आठ पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना आकाश मोकळं केलं. २०२४ च्या जानेवारीत वीस गिधाडं गाडीतून महाराष्ट्रात आली, दहा पेंचला आणि दहा ताडोब्याला. काही महिने जाळीत राहून ती सुटली, पाठीवर यंत्रं बांधून. काही जगली नाहीत. एक ताडोब्याहून निघून पार तामिळनाडूत जाऊन पोचलं. नकाशा काढून बघा. विदर्भातून दक्षिणेकडं जाणारं पाखरू कुणाच्या शेतावरून जाणार? ते चंद्रपूरचं नाही आणि पिंजोरचंही नाही. खाली मेलेलं ढोर दिसेल त्या गावाचं ते. त्या दिवशी ते गाव वडवणी असू शकतं.

पिंजोरच्या केंद्राला जटायूचं नाव दिलंय. बीडच्या जुन्या पेठेत जटाशंकराचं मंदिर आहे. रावणाशी झुंजून जटायू तिथंच पडला, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. त्याच जिल्ह्यात आपण भाषणात एकमेकांना गिधाड म्हणतो आणि ती शिवी असते. माझ्यासमोर कुणी तशी शिवी दिली तर मी टोकतो. लोकांना नवल वाटतं.

साडेचार, उपळीकडं

तलावाच्या बाजूच्या एका शेतात गाय मेली होती. पोटफुगी. फोन उशिरा आला, पोचेपर्यंत खेळ संपलेला. घरातली बाई गायीच्या मानेशी बसून होती, हळदीकुंकू लावलेलं. अशा जागी मी पाच मिनिटं काहीच बोलत नाही.

मग वही काढतो. ही वही मी काही वर्षांपूर्वी सुरू केली. मेलेलं जनावर, गाव, तारीख, कारण, शेवटच्या आठ दिवसांत टोचलेलं औषध, कुणी टोचलं, आणि मढ्याचं पुढं काय झालं. औषधाच्या रकान्यात आज "काही नाही" लिहिलं. पूर्ण स्वच्छ गाय. नाशिककडं हरसूलजवळ खोरीपाड्याला किंवा गडचिरोलीत असती, तर अशी गाय गिधाडांच्या उपाहारगृहात गेली असती. गावकरी आणि वनखातं मिळून तिथं मेलेली निर्धोक जनावरं ठरलेल्या जागी टाकतात आणि पाखरं येतात. रायगडातल्या म्हसळ्याजवळ चिरगावच्या लोकांनीही गावातल्या झाडांवरची घरटी अशीच जपली. इथं वर बघितलं तर घारी आणि कावळे. उघड्यावर ठेवलं तर रात्री कुत्री.

कुत्र्यांचं मी हलकं घेत नाही. गिधाडं गेली, मढी कुत्र्यांना मोकळी झाली, कुत्री वाढली आणि पिसाळलेल्यांचे चावेही वाढले. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांच्या आणि बिनगिधाडांच्या जिल्ह्यांतले मृत्यू ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळं देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. गावात कुत्रं चावल्यावर लस शोधत धावणाऱ्या बापाला मी हे सांगितलंय. गिधाडाचा आणि त्याच्या लेकराचा संबंध त्याला तेव्हा पटला.

जेसीबी येईपर्यंत शेजारचे तात्या म्हणाले, "पूर्वी वढून न्ह्यायची माणसं हुती." हो, होती. गावानं ते काम एका वस्तीच्या गळ्यात बांधलं होतं आणि वर त्यांनाच शिवायचं नाही म्हणून ठेवलं होतं. बाबासाहेबांनी हाक दिल्यावर त्यांनी ते टाकलं, ते चांगलंच केलं. पण तेव्हा मढं सोललं जायचं, आणि सोललेलं जनावर गिधाडाला फाडायला सोपं पडायचं. गावानं पुढं स्वतः हात घाण करायला हवे होते. ते केलं नाही. एकतर ओढ्यात टाकलं, नाहीतर खड्डा. मी तात्यांना एवढंच म्हणालो की दोरीचं एक टोक तुम्ही धरा. त्यांनी धरलं.

सहा फूट खड्डा, चुना, मीठ. बाईनं वरून मूठभर कडबा टाकला.

साडेसहा

पोरांनी सोयाबीनच्या गंजीत सापडलेलं गव्हाणी घुबड टॉवेलात गुंडाळून आणलं. पंखाला तार लागलेली. खोक्याला भोकं पाडून अंधारात ठेवायला लावलं, पाणी पाजू नका म्हणून बजावलं आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवलं. आमच्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे, हे नशीब. पोरांना ते नाव पाठ करायला सांगितलं.

आठ

दुपारी दुकानदारानं सांगितलेल्या दोन गावांपैकी एकात गेलो. दाराशी उभ्यानं बोललो. गाईला तिवा झाला होता, तीन दिवसांचा ताप. दुसरीकडून मिळवलेल्या दोन कुप्या आधीच टोचून झाल्या होत्या. गाय उठून चरत होती, मालक खूश. त्याच्यावर आवाज चढवून काय मिळणार होतं? ताप आलेला, जवळ कुणी नाही, शेजाऱ्यानं सांगितलं, त्यानं केलं. पंचवीस वर्षांपूर्वी तो शेजारी मीच होतो. उरलेल्या तीन कुप्या मागून घेतल्या, मेलोक्सिकॅमची बाटली दाखवली, बाटलीचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये काढून दिला. आणि एक शब्द घेतला: या आठवड्यात गाईचं काही बरंवाईट झालं तर उघड्यावर टाकायची नाही. मला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले तरी.

दुसरं गाव आज राहिलं.

साडेनऊ

हात डेटॉलनं धुऊन जेवलो. वही पुढं ओढली. आजची पानं: चिंचवणचा बैल, मेलोक्सिकॅम. उपळीची गाय, काही नाही, पुरली. तिव्याची गाय, डायक्लोफिनॅक, माणसाचं, १५० मिलिग्रॅम, जिवंत. तिच्यापुढं लाल पेनानं तीन तारखा लिहिल्या. उद्याची, परवाची, तेरवाची.

फोन वाजला. चिंचवण.

"डॉक्टर, पाय टेकवायलाय. जरा जरा. मुकादम इचारायलाय, परवा जुंपू का?"

"नाही. चौथ्या दिवशी मी येतो म्हणालोय ना."

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मागं आजीचा आवाज आला, काय म्हणाली ते नीट कळलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "या मग. टोळीला म्या सांगतो दोन दिस थांबा म्हणून."

वहीत चिंचवणच्या ओळीपुढं सोमवार लिहिला आणि कुप्यांचे पैसे सदऱ्याच्या खिशात वेगळे ठेवले.